एम्बेडेड लिनक्ससाठी कुठला हार्डवेअर डीबगर घ्यावा? (की घेऊच नये?)

अर्धवट_बूट:

नमस्कार मंडळी. चार वर्षं मायक्रोकंट्रोलरवर काढली, सगळं कॉर्टेक्स-एम, एसटी-लिंक (एसटी कंपनीचा डीबग प्रोब) जोडला, ब्रेकपॉइंट टाकला, व्हेरिएबल बघितलं, चूक सापडली, विषय संपला. आता दोन महिने झाले लिनक्सच्या प्रोजेक्टवर टाकलंय आणि रोज असं वाटतं की डोळ्यावर पट्टी बांधून काम करतोय.

बोर्ड आमचाच आहे, त्यावर टीआयची (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची) एएम३३५एक्स चिप, म्हणजे कॉर्टेक्स-ए८. बीगलबोन ब्लॅकचं स्कीमॅटिक समोर ठेवून काढलाय पण पॉवरचा भाग बदललाय. यू-बूट (बूटलोडर) नीट येतं, कर्नल आणि डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय काय आहे त्याचं वर्णन) लोड होतात, "स्टार्टिंग कर्नल" अशी ओळ येते आणि मग चिडीचूप. ना एरर, ना पॅनिक, काहीच नाही. चार दिवस झाले मी त्या ओळीकडे बघतोय आणि ती ओळ माझ्याकडे.

बॉस म्हणतात डीबगर लागत असेल तर सांग, मागवू, पण एकदाच मागवू. आता नेटवर बघितलं तर एका टोकाला एफटी२२३२एच चिपवाले साधे अडॅप्टर आणि ओपनओसीडी (त्यांना चालवणारं फुकट सॉफ्टवेअर), मध्ये जे-लिंक, टीआयचे एक्सडीएस१००, ११०, २०० वगैरे, आणि दुसऱ्या टोकाला लाउटरबाखचा ट्रेस३२ ज्याची किंमत बघून डोळेच पांढरे झाले. माझ्या ड्रॉवरमधला एसटी-लिंक इथे चालेल का? जे-लिंक घेतला तर कर्नलमध्ये तसंच स्टेप करता येईल का जसं कॉर्टेक्स-एमवर करायचो? बोर्डवर जेटॅगचा (प्रोब जोडायच्या डीबग पोर्टचा) २० पिनी हेडर काढलाय, अजून सोल्डर केलेला नाही.

जुनं_खोड:

थांब, काहीही मागवू नकोस अजून.

"स्टार्टिंग कर्नल"नंतर शांतता म्हणजे कर्नल मेला असं नाही. बहुतेक वेळा तो बडबडत असतो, आपल्याला ऐकू येत नसतं. पहिलं काम, बूटआर्ग्जमध्ये (यू-बूट कर्नलला देतो त्या पॅरामीटरमध्ये) अर्लीकॉन, म्हणजे लवकर सुरू होणारा कन्सोल, एवढा एक शब्द टाक, पुढे इक्वल टू वगैरे काही नको, डिव्हाइस ट्रीच्या चोझन नोडमध्ये एसटीडीआउट-पाथ बरोबर यूआर्टकडे (सिरियल पोर्टकडे) जात असेल तर बाकीचं तो बघून घेतो. त्यानेही काही आलं नाही तर कर्नल कॉन्फिगमध्ये डीबग_एलएल आणि अर्लीप्रिंटके चालू कर, ते अगदी डीकम्प्रेस होतानापासून बोलायला लागतं. दहा मिनिटांचं काम आहे, प्रोब यायला आठवडा लागेल.

आता मूळ प्रश्न. कॉर्टेक्स-एमवरून आलेल्या प्रत्येकाची हीच अपेक्षा असते (माझीही होती) की प्रोब जोडला की सगळं तसंच दिसेल. दिसत नाही. तिकडे एकच प्रोग्राम, एकच ॲड्रेस स्पेस. इकडे एमएमयू (प्रत्येक प्रोसेसला वेगळी ॲड्रेस स्पेस देणारं हार्डवेअर) आहे, शंभर प्रोसेस आहेत आणि प्रोबला दिसतो फक्त सीपीयू, प्रोसेस नावाचं काही असतं हे त्याच्या गावीही नसतं. तू जेटॅगने हॉल्ट केलंस की जे त्या क्षणी चालू होतं ते थांबतं, बहुतेकदा आयडल लूपच. तुझा ॲप्लिकेशन कुठे अडकलाय ते बघायला जेटॅग काढणं म्हणजे डासाला तोफ. त्याला जीडीबीसर्व्हर आहे, एसट्रेस आहे. ड्रायव्हर लिहितोयस तर प्रिंटके (कर्नलचा प्रिंटएफ), डायनॅमिक डीबग आणि एफट्रेस, यात माझी नव्वद टक्के कामं होतात. कर्नल क्रॅश झाला तर ऊप्स (क्रॅशच्या) मेसेजमध्येच फंक्शनचं नाव आणि ऑफसेट असतो, सोर्स ट्रीमधली एफएडीडीआर२लाइन स्क्रिप्ट चालवली की नेमकी ओळ मिळते. रीबूटनंतर लॉग हवा असेल तर रॅमऊप्स, तो लॉग रॅममध्ये जपून ठेवतो.

मग उरतं काय जेटॅगला? एसपीएल (यू-बूटच्या आधी चालणारा छोटा लोडर), डीडीआर (बाहेरची रॅम) चालू करणं, यू-बूट, कर्नलचा अगदी सुरुवातीचा भाग, आणि ते भयंकर लॉकअप जिथे इंटरप्ट बंद करून सीपीयू कुठेतरी गोल गोल फिरतोय आणि सिरियलवर सिसआरक्यूसुद्धा (कर्नलला थेट आज्ञा देणारी की) चालत नाही. एवढंच. पण जेव्हा लागतो तेव्हा दुसरं काहीच चालत नाही हेही खरं.

एसटी-लिंक विसर, तो एसटीच्या चिपसाठी आहे. (एसटीएम३२एमपी१ असता तर गोष्ट वेगळी, तिथे डिस्कव्हरी बोर्डवरच एसटी-लिंक बसवलेला असतो.)

पॅनिक_रोजचंच:

खोडांनी सांगितलंय त्यात एक भर. कर्नलमध्ये स्टेप करायची एवढीच हौस असेल तर केजीडीबी (कर्नलमधलाच डीबगर) वापर, फुकट आहे, २.६.२६ पासून मेनलाइनमध्ये आहे. सिरियल वायर आहेच तुझ्याकडे. केजीडीबीओसी पॅरामीटरमध्ये पोर्ट आणि बॉडरेट दे, सिसआरक्यू-जी मारलं की कर्नल थांबतो आणि दुसऱ्या बाजूने जीडीबी जोडायचा. एकच यूआर्ट असेल तर कन्सोल आणि जीडीबी एकाच वायरवर भांडतात, त्याला केडीमक्स नावाचा छोटा टूल आहे. मोठी मर्यादा ही की सहसा यूआर्ट ड्रायव्हर उठल्याशिवाय केजीडीबी चालत नाही, त्यामुळे तुझ्या आत्ताच्या प्रॉब्लेमला शून्य उपयोग.

आणि कुठल्याही मार्गाने गेलास तरी जीडीबीला झेडइमेज (कॉम्प्रेस केलेला कर्नल) देऊ नको, व्हीएमलिनक्स (मूळ, सिम्बॉल असलेला) दे, डीबग इन्फो चालू करून बिल्ड केलेलं. हे न सांगता कळायला मला एक आख्खी दुपार लागली होती.

वायरी_तुटक्या:

खोडांशी निम्मा सहमत, निम्मा नाही. मी बोर्ड ब्रिंगअप करतो, म्हणजे फॅबमधून बोर्ड आला की पहिला करंट मीच देतो, आणि तिथे सिरियलवर एक अक्षरसुद्धा नसतं. एसपीएल डीडीआर सुरू करताना अडकला तर अर्लीकॉन काय करणार, कर्नल अजून फ्लॅशमध्ये झोपलाय. अशा वेळी जेटॅगने चिपमध्ये शिरायचं, एसपीएल सरळ चिपच्या आतल्या छोट्या रॅममध्ये (एसरॅम) टाकायचा, डीडीआर कंट्रोलरचे रजिस्टर हाताने भरून ०x८००००००० ला लिहून परत वाचायचं, लिहिलं तेच आलं का बघायचं. हे दुसऱ्या कशाने होत नाही. तेव्हा कस्टम बोर्ड असेल तर प्रोब घ्याच, वाद नको.

फक्त कुठला घ्यावा हे ब्रँडवरून ठरवू नका, चिपवरून उलटं मागे या. तुमच्या एसओसीच्या (मुख्य चिपच्या) नावाची कॉन्फिग फाइल ओपनओसीडीमध्ये आहे का बघा, टार्गेट फोल्डरमध्ये. एएम३३५एक्सची आहे, बीगलबोनची बोर्ड फाइलपण आहे. हे महत्त्वाचं का तर टीआयच्या चिपमध्ये जेटॅगच्या दारातच आइसपिक नावाचा राउटर बसलेला असतो, आधी त्याला सांगावं लागतं की कोअर साखळीत घे, मग कोअर दिसतो. ती फाइल हे आपोआप करते. फाइल नसेल तर तो सगळा सोपस्कार मॅन्युअल वाचून तुम्हालाच लिहावा लागेल आणि तिथेच महिना जाईल. ज्या चिपला ओपनओसीडीत सपोर्ट नाही तिथे स्वस्त प्रोब सगळ्यात महाग पडतो.

मग कनेक्टर. तू २० पिनी म्हणालास, कुठला २० पिनी? एआरएमचा जुना २० पिनी २.५४ मिमीचा असतो आणि टीआयचा कॉम्पॅक्ट २० पिनी बारीक असतो, बीगलबोन ब्लॅकच्या मागच्या बाजूला आहे तो हाच, तोही न बसवलेलाच येतो. दोघांच्या पिना वेगळ्या. एआरएमवर पहिली पिन व्हीटीरेफ (बोर्डचं व्होल्टेज प्रोबला दाखवणारी), टीआयवर पहिली पिन टीएमएस, व्हीटीरेफ पाचवीला. मी एकदा २० आणि २० बघून सुट्या वायरींनी जोडून टाकलं होतं, एक-ला-एक, दोन-ला-दोन. प्रोब "टार्गेट व्होल्टेज शून्य" म्हणत होता आणि मी पॉवर सप्लाय बदलत बसलो होतो. काही जळलं नाही हे नशीब.

व्होल्टेजवर पण लक्ष. व्हीटीरेफ वाचून स्वतःची लेव्हल जुळवणारा प्रोब घ्या, आत्ता तुमचे ३.३ व्होल्ट आहेत पण पुढच्या एसओसीवर १.८ असेल आणि मग तो साधा अडॅप्टर ड्रॉवरमध्ये जाईल. "एकदाच मागवू" म्हणणाऱ्या बॉसना हा मुद्दा नक्की सांगा.

जुनं_खोड:

मान्य, ब्रिंगअपला मी नाही म्हटलंच नव्हतं. पण हा पोरगा म्हणतोय यू-बूट येतंय, म्हणजे डीडीआर चालतेय, एसपीएल त्याचं काम करून गेलाय. त्याच्या दुखण्यावर ते औषध नाही एवढंच.

आणि एक, एसपीएल गप्प असला तरी लगेच जेटॅग लागतोच असंही नाही. एएम३३५एक्सचा बूटरॉम यूआर्टवरून बूट करू शकतो. दुसरं कुठे काही सापडलं नाही की सिरियलवर सी सी सी सी असं यायला लागतं, तेव्हा एक्समोडेमने एसपीएल पाठवता येतो. एसपीएलमध्ये डीबग यूआर्ट चालू करून ठेव, डीडीआरच्या आधीच तोंड उघडतो.

अर्धवट_बूट:

मंडळी, लाज वाटतेय सांगायला.

अर्लीकॉन टाकला. अख्खा लॉग आला. पहिल्या ओळीपासून, "बूटिंग लिनक्स ऑन फिजिकल सीपीयू", मेमरी, क्लॉक, एमएमसी, रूट फाइलसिस्टिम माउंटसुद्धा झाली, आणि शेवटी एक वॉर्निंग, की इनिशियल कन्सोल उघडता येत नाहीये. म्हणजे चार दिवस बोर्ड नीट बूट होत होता!! आमच्या बूटआर्ग्जमध्ये कन्सोल=टीटीवायओ० असं होतं, कुठल्यातरी जुन्या प्रोजेक्टमधून उचललेलं, आणि नवीन कर्नलमध्ये ८२५० वाला ड्रायव्हर असल्यामुळे पोर्टचं नाव टीटीवायएस० आहे. एक अक्षर. ओ चा एस केला आणि लॉगिन प्रॉम्प्ट आला.

सुंठीवाचून खोकला गेला. पण आता दुसरी गोष्ट, बोर्डची पुढची आवृत्ती येतेय आणि त्यात रॅम बदललीय, दुसऱ्या कंपनीची दुप्पट मोठी. म्हणजे वायरी_तुटक्या म्हणतात ते सगळं माझ्या वाट्याला येणारच आहे, तर प्रोब मागवतोच. हेडर बघितला, टीआयचा बारीक २० पिनीच आहे, बीगलबोनवरून कॉपी केल्यामुळे. एफटी२२३२एचवाला घेऊ, एक्सडीएस११० घेऊ की जे-लिंक? आणि लाउटरबाखवाले लोक नक्की कशासाठी एवढे पैसे देतात, हे नुसतं कुतूहल म्हणून.

टीओ_एस_झाला:

हाहा, टीटीवायओ टीटीवायएसचं मीपण खाल्लंय. कॉन्फिगमध्ये टीटीवायओ फिक्सअप नावाचा एक ऑप्शन आहे, तो चालू असता तर कर्नलने आपणच वळवून घेतलं असतं आणि वर एक वॉर्निंग छापली असती. तुझ्याकडे बंद असणार.

महागडी_पेटी:

लाउटरबाखचं मी सांगतो, मागच्या नोकरीत माझ्या टेबलावर होता. फरक प्रोबच्या स्पीडमध्ये नाहीये, फरक सॉफ्टवेअरला लिनक्स कळतं यात आहे. हॉल्ट केलं की तो कर्नलच्या टास्कची यादी वाचून दाखवतो, हा प्रोसेस, हा थ्रेड, हा याचा पेज टेबल, आणि न चालणाऱ्या प्रोसेसचा स्टॅकसुद्धा उघडून देतो. कर्नल मॉड्यूल लोड झालं की त्याचे सिम्बॉल आपणच चढवतो, आणि सगळं त्यांच्या प्रॅक्टिस नावाच्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवता येतं. एआरएमच्या डीस्ट्रीममध्येपण त्यांच्या डेव्हलपमेंट स्टुडिओबरोबर असंच मिळतं. दुसरी गोष्ट ट्रेस. ब्रेकपॉइंट तुम्हाला सांगतो आत्ता कुठे आहात, ट्रेस सांगतो इथे कुठून आलात. आमच्याकडे एक बग होता, आठवड्यातून एकदा बोर्ड गोठायचा, ब्रेकपॉइंट कुठे टाकणार? ट्रेस रेकॉर्ड चालू ठेवला, गोठल्यावर मागे मागे गेलो, आणि एका इंटरप्ट हँडलरमध्ये क्लॉक बंद केलेल्या पेरिफेरलचा रजिस्टर वाचला जात होता ते दिसलं. तो एक बग त्या पेटीशिवाय मिळाला नसता असं मी आजही म्हणेन.

पण ट्रेसच्या पिना बोर्डवर बाहेर काढलेल्या नसतील तर चिपच्या आतल्या छोट्या बफरवर भागवावं लागतं, आणि तो भरतो डोळ्याचं पातं लवतं तोवर. तुमच्या बोर्डवर त्या पिना दुसऱ्या कामाला लागल्या असतील तर पेटी घेऊन निम्मे पैसे पाण्यात.

गरिबाचं लिनक्स अवेअरनेस हवं असेल तर कर्नलच्याच सोर्समध्ये जीडीबी स्क्रिप्ट येतात, कॉन्फिगमध्ये चालू करा. एलएक्स-डीमेसेज, एलएक्स-पीएस, एलएक्स-सिम्बॉल्स. एलएक्स-डीमेसेज तर सोनं आहे, सिरियल मेलेली असताना जेटॅगवरून मेमरीतला कर्नल लॉग वाचता येतो. तुझ्या चार दिवसांचं उत्तर त्यातही मिळालं असतं म्हण.

वायरी_तुटक्या:

तिघांपैकी म्हणशील तर, फक्त टीआयवरच राहणार असशील तर एक्सडीएस११०, कोड कंपोझर स्टुडिओ फुकट आहे, टीआयच्या चिपसाठी इनिशियलायझेशनच्या जेल फाइली मिळतात, डीडीआरच्या वेळी त्या फार कामाला येतात, आणि उद्या ओपनओसीडीवर जायचं झालं तर तिथेही तो चालतो. उद्या एनएक्सपी, परवा अजून काही असं होणार असेल तर जे-लिंक किंवा एफटी२२३२एच. जे-लिंक घेताना एक बघा, ईडीयू मॉडेल व्यावसायिक कामाला चालत नाही, लायसन्समध्येच आहे, आणि ईडीयू मिनी तर कॉर्टेक्स-एसाठी नाहीच. चिपची यादी त्यांच्या साइटवर असते, नाव शोधून मगच. जे-लिंकचं खरं सुख म्हणजे तो पहिल्या दिवशी चालतो, ओपनओसीडी तिसऱ्या दिवशी चालतो पण मग तुम्हाला जेटॅगही कळलेलं असतं. मी स्वतः रोज एफटी२२३२एचवाला वापरतो, त्यातल्या दोन चॅनेलपैकी एकावर जेटॅग आणि दुसऱ्यावर यूआर्ट असं एका केबलमध्ये होतं.

फक्त एसडब्ल्यूडी (जेटॅगऐवजी दोन तारांचा डीबग पोर्ट) देणारे छोटे प्रोब मिळतात, मोह होतो, पण तुमच्या चिपला जेटॅगच लागतो.

आल्यावर काय काय रडवेल तेही ऐकून ठेव. क्लॉक पहिल्या दिवशी १ मेगाहर्ट्झ किंवा खालीच ठेव, सुट्या वायरींवर तर नक्कीच, आणि प्रत्येक सिग्नलशेजारी ग्राउंड असलेली केबल वापर. कर्नलमध्ये जीडीबीचा साधा ब्रेक नको, एचब्रेक (हार्डवेअर ब्रेकपॉइंट) वापर, कारण रीसेटनंतर एमएमयू चालू झालेला नसतो, ०xसी०च्या पुढचे कर्नलचे ॲड्रेस तेव्हा अस्तित्वातच नसतात, आणि नंतर कर्नलचा कोड रीड-ओन्ली असतो. ए८ मध्ये असे ६ ब्रेकपॉइंट आणि २ वॉचपॉइंट मिळतात, जपून खर्च कर. कर्नल -ओ२ वर कंपाइल होतो, तो -ओ० वर होत नाही, त्यामुळे स्टेप करताना कर्सर माकडासारखा उड्या मारेल आणि निम्मी व्हेरिएबल "ऑप्टिमाइझ्ड आउट" म्हणतील, तो प्रोबचा दोष नाही. यू-बूट स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवतो, त्यानंतर जुने सिम्बॉल चुकीचे होतात, बीडीइन्फो कमांडमधून रीलॉकॲडर घेऊन त्या ॲड्रेसवर सिम्बॉल परत चढवावे लागतात.

आणि वॉचडॉग! हॉल्ट केलंस की वॉचडॉगला (वेळेत थोपटलं नाही तर चिप रीसेट करणारा टायमर) कोणी थोपटत नाही, काही चिपमध्ये तर बूटरॉमच तो चालू करून देतो. एका प्रोजेक्टवर मी हॉल्ट करायचो आणि थोड्या वेळाने कनेक्शन तुटायचं, केबल बदलली, प्रोब बदलला, शेवटी घड्याळ लावून बघितलं तर दर वेळी बरोबर तेवढेच सेकंद. तेव्हा ट्यूब पेटली. तसंच सीपीयू आयडलमध्ये खोल झोपला की डीबग पोर्टही झोपतं, त्याला बूटआर्ग्जमध्ये सीपीयूआयडल.ऑफ=१.

पॅनिक_रोजचंच:

चिपमधले एकदाच जाळायचे फ्यूज पण सांगा की. प्रॉडक्शनच्या बोर्डांवर सिक्युरिटीसाठी जेटॅग कायमचा बंद केलेला असू शकतो, मी असा एक बोर्ड घेऊन दोन दिवस "टीडीओ सगळे एक" बघत बसलो होतो. डेव्हलपमेंटला दिलेले बोर्ड वेगळे ठेवून त्यावर मार्करने लिहा.

अर्धवट_बूट:

खूप आभार सगळ्यांचे. एक्सडीएस११० सांगितलाय, पुढचा वर्षभर तरी टीआयच आहे. बॉसना व्हीटीरेफचा मुद्दा सांगितला, त्यांनी विचारलं हे तुला कुठून कळलं. 🙂

नवीन बोर्डाची फाइल फॅबला जायची आहे अजून, त्यामुळे हेडर या वेळी बसवूनच मागवतोय, ईएमयू० आणि ईएमयू१ या डीबगच्या पिनांना पुलअप आहेत का तेही तपासलं, एकाला होता, एकाला नव्हता.

वायरी_तुटक्या:

तो दुसरा पण टाक. आणि पहिली पिन कुठली ते सिल्कस्क्रीनवर ठळक लिही, सहाव्या पिनची जागा की म्हणून बुजवलेली असते ती विसरू नकोस.